पूंगोडीनं धाडलेलं किट

कोईमतूर
१२ सप्टेंबर २००३

चि. पूंगोडीस मामाचे आशीर्वाद.

मामाचं पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत. तुझ्या मामीचा गुडघा होता तसाच आहे, म्हणजे जिना चढताना दुखतो आणि बाजारात जाताना दुखत नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर कारखान्यातला फोन अगदी दारात आहे. तिथं बोललेलं शेवटच्या लेथपर्यंत ऐकू जातं. घरच्या फोनपाशी तुझी मामी असते. आणि मला जे विचारायचं आहे ते या दोघांनाही ऐकू जायला नको.

गोविंदराजुलूंच्या पंपांना आपले स्टार्टर जातात, तुझ्या जन्माआधीपासून. परवा त्यांनी आम्हा सगळ्या स्टार्टरवाल्यांना बोलावलं होतं. म्हणाले, आता शेतकऱ्याला नुसतं खोकं नको, डोकं असलेलं खोकं हवं. विहीर कोरडी पडली की मोटार आपोआप बंद व्हायला पाहिजे, थ्री फेज वीज आली की आपोआप सुरू. कोण करून देतंय? सगळे आपापल्या कॉफीच्या पेल्यात बघायला लागले. मला काय दुर्बुद्धी झाली, मी म्हणालो, डिसेंबरातल्या कार्तिगै दीपाच्या सणाआत करून दाखवतो, आमच्याच कारखान्यात, बाहेरच्या कोणाचा हात न लागता.

आता तुला खरं सांगतो. मायक्रोकंट्रोलर हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. तू बंगळूरला त्याच कामात आहेस. शिकणाऱ्या पोरांसाठी काही किट मिळतं म्हणे, ते एक पाठव, आणि कसं सुरू करायचं ते आपल्या भाषेत लिहून पाठव. बिलं करायला घेतलेला कंप्युटर आहेच.

वेलुसामीला अजून सांगितलेलं नाही. शटरची दुसरी किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्यापासून लपवायचं म्हणजे अवघडच. पण मी हा कारखाना उघडला त्या दिवसापासून तो वायरिंगच्या कामाला माझ्या बरोबर आहे, वायरिंगमधलं मला काही येत नाही असं त्याच्यासमोर आजवर कधी म्हणालो नाही. आता या वयात सुरुवात करवत नाही.

मामा
नाचिमुत्तू


बंगळूर
२२ सप्टेंबर २००३

ती. मामांस पूंगोडीचा नमस्कार.

रेघ सरळ आली नाही म्हणून माझा कान पिरगाळणारे मामा आज माझ्याकडे शिकायला आले! हे पत्र मी जपून ठेवणार आहे, तुम्ही काहीही म्हणा.

किट सोबत आहे. हिरव्या पट्टीवर मधोमध एक लांबट खाच दिसेल, दोन्ही बाजूंना बारीक भोकं आणि शेजारी एक छोटा दांडा. ती चिपची जागा. चिप मी वेगळी, काळ्या स्पंजात खोचून पाठवली आहे. दांडा वर करायचा, चिप बसवायची, दांडा खाली दाबायचा. चिपच्या एका टोकाला नखाएवढी खोबण आहे, ती दांड्याच्या बाजूला यायला हवी, उलटी बसवली तर चिप जळेल. मग केबल कंप्युटरच्या पाठीमागे लावा आणि सीडी टाका. सॉफ्टवेअर उघडलं की मी लिहून ठेवलेला एक लहानसा प्रोग्राम दिसेल, त्याचं नाव ‘दिवा’. तो चिपमध्ये भरायचा. खालच्या ओळीत ‘चिप सापडली’ अशा अर्थाचं इंग्रजी आलं की झालं. किटवरचा लाल दिवा लुकलुकायला लागेल.

एवढंच. हसू नका. जगात सगळे इथूनच सुरू करतात, मोठमोठे इंजिनियरसुद्धा. श्रीगणेशा म्हणा ना. आणि नाही लागला तर लाजू नका मामा. माझाही लागला नव्हता. मी चिप उलटी बसवली होती आणि माझं बोट पोळलं होतं, आणि हे मी अम्मालासुद्धा सांगितलेलं नाही. नाही लागला तर सरळ लिहा.

वेलुअण्णांना मात्र सांगून टाका. ते वायरला हात लावून तिच्या मनातलं ओळखतात, तुम्ही काय लपवणार?

तुमची
पूंगोडी


कोईमतूर
७ ऑक्टोबर २००३

चि. पूंगोडीस आशीर्वाद.

किट पोचलं तेव्हा नवरात्र सुरू झालं होतं. नवी वस्तू, आयुधपूजेआधी कशी वापरायची? तशीच ठेवली. पूजेच्या दिवशी कारखाना धुऊन काढला, दाराला केळीचे खांब बांधले, आणि लेथ, ड्रिल, वाइंडिंगचं मशीन, टेम्पो, सगळ्यांना मी माझ्या हातानं गंध-कुंकू लावलं. तुझ्या किटलाही मान दिला, अगदी पहिला. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नसतो. विजयादशमीला सकाळी अंघोळ करून बसलो आणि तू लिहिलंस तसं केलं.

दिवा लागला. एकदम झकास. लागतो, विझतो, परत लागतो. तुझी मामी म्हणाली, एवढ्यासाठी बंगळूरहून मागवलं का? मी म्हटलं, तुला काय कळतंय.

वेलूला दाखवलं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, आपला स्टार्टर बिघडला तर मी बांधावर बसून पानाच्या सुरीनं दुरुस्त करतो, हे तिथं कोण दुरुस्त करणार? सगळ्यांसमोर म्हणाला. पोरं हसली. याचं आपलं नेहमीचं, नाकानं कांदे सोलायचे. जळतोय, दुसरं काय.

पुढचं काय ते पाठव.

मामा


बंगळूर
१३ ऑक्टोबर २००३

ती. मामांस नमस्कार.

मामा, मामा, मामा. पहिल्याच झटक्यात?

मी ऑफिसात सांगितलं. आमच्याकडे एक एम. टेक. झालेला मुलगा आहे, त्याला दिवा लावायला अख्खा आठवडा लागला होता, त्याला तर मुद्दाम सांगितलं. आठवीनंतर शाळा सोडलेला माझा मामा, म्हटलं, आणि इंग्रजी सॉफ्टवेअर. अम्माला फोन केला तर ती रडायलाच लागली. म्हणाली, आमच्या अप्पांनी त्याला शाळेतून काढून गिरणीत घातला, नाहीतर माझा भाऊ कुठल्या कुठे गेला असता. सगळ्या पोल्लाची गावाला सांगत सुटली आहे. मारियम्मन देवीच्या देवळात नारळसुद्धा फोडला म्हणे.

आता दिवा जरा सावकाश लुकलुकवा. प्रोग्राममध्ये एक आकडा आहे, तो वाढवला की दिवा जास्त वेळ लागून राहतो. कोणता ते मी सांगणार नाही, तुम्ही शोधा. सापडला की लिहा. मग पाण्याच्या पातळीचं सांगते.

वेलुअण्णा जळतात यावर माझा विश्वास नाही. त्यांचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याला उत्तर शोधावं लागेल.

पूंगोडी


कोईमतूर
१६ ऑक्टोबर २००३

चि. पूंगोडीस आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं आकडा बदलायला गेलो आणि दिवा लागेनासा झाला. आता सॉफ्टवेअर म्हणतं की चिपच सापडत नाही. परत परत करून पाहिलं. केबल बदलली, कंप्युटर बंद करून चालू केला. चिप सरळ बसवली आहे, ते मी दहादा बघितलं. तिकडे गोविंदराजुलूंचा माणूस रोज येऊन विचारतो.

एक विचारू? मनात काही नाही, नुसतं विचारतो. अशी वस्तू कोणी मुद्दाम बिघडवू शकतं का? म्हणजे ज्याला वायरिंगची माहिती आहे असा माणूस?

तुझ्या अम्माला एवढ्यात काही बोलू नकोस. नारळ फोडून झालाय.

मामा


बंगळूर
१८ ऑक्टोबर २००३

ती. मामांस नमस्कार.

घाईत लिहिते आहे, आमच्याकडे काम द्यायची तारीख आली आहे, दीपावलीलासुद्धा येता येणार नाही. अम्मा चिडली आहे.

आधी दिवा लागत होता आणि आता चिपच सापडत नाही. म्हणजे स्पष्ट आहे मामा, मध्ये कोणीतरी हात लावला आहे. चालती चिप आपली आपण मरत नाही. कोणी उलटी बसवून परत सरळ केली असेल, किंवा भलतीकडून वीज दिली असेल, मुद्दाम किंवा नकळत. तुमच्याशिवाय किल्ली कोणाकडे असते ते बघा आणि विचारा. आणि किट जसंच्या तसं, चिपसकट, मला परत पाठवा. बघून सांगते.

दीपावलीचं गोड अधिरसम पाठवलंत तर सगळं मामीच्या हातचं, विकतचं नको.

पूंगोडी


कोईमतूर
२८ ऑक्टोबर २००३

चि. पूंगोडीस दीपावलीचे आशीर्वाद.

किट सोबत पाठवतो आहे. अधिरसम मामीच्याच हातचं आहे. किट पुसून स्वच्छ करून दिलंय, तुमच्या ऑफिसात जायचंय म्हणून.

किल्ली माझ्याकडे आणि वेलूकडे असते, हे तुला ठाऊक आहे. तू लिहिलंस तसं मी त्याला विचारलं. त्याचा त्याला राग आला आणि तो कामावर येईनासा झाला. दीपावलीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बोनस आणि कपडे वाटले, तेव्हाही आला नाही. त्याचं धोतर-शर्ट तसंच पडलंय. मी काय बोलावून आणायला जाऊ? खरा असता तर ताठ उभा राहून बोलला असता. तोंड लपवून गेला म्हणजे काय ते समजायचं. माझ्या मते काटा निघाला, बरं झालं.

तुझी मामी बोलत नाही माझ्याशी. तिचं आणि वेलूच्या बायकोचं एका ताटातलं आहे.

चिप कशानं गेली ते लवकर कळव. कळलं की मला बरं वाटेल.

मामा


बंगळूर
५ नोव्हेंबर २००३

ती. मामांस नमस्कार.

मामा, आधी बसा. मामी असतील तर त्यांनाही बोलवा. मी ऑफिसात इतकी हसले की लोक उठून बघायला आले.

चिप उत्तम आहे. दुसऱ्या किटवर बसवली, चालली. जळलेली नाही, मेलेली नाही, काही नाही. मग मी तुमच्या किटची खाच भिंगाखाली धरली. सगळ्या भोकांमध्ये पिवळं काहीतरी घट्ट भरलेलं. टाचणीनं टोकरलं. आधी वाटलं, वॉर्निश असेल. मग नाकाशी नेलं. चंदन!

वरून तुम्ही पुसलंत, पण गंध आत उतरून रात्रभरात वाळून दगड झालं होतं. चिपचे पाय त्या भोकांत गेले खरे, पण खाली धातूला टेकलेच नाहीत. सॉफ्टवेअर बिचारं हाका मारतंय आणि चिपच्या कानात चंदन. तुम्ही रिकाम्या खाचेत टिळा लावलात ना? लेथला लावता तसा, अंगठ्यानं दाबून? एम. टेक.वाला म्हणाला, आम्ही हजार चुका शिकलो, ही पुस्तकात नाही.

तेव्हा कोणी काही बिघडवलं नाही. खाच बदलून किट परत पाठवते.

हे सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट मनात आली आणि हसू गेलं. गंध पूजेच्या दिवशी लागलं. तुम्ही चिप बसवलीत दुसऱ्या दिवशी. मग विजयादशमीला दिवा लागला कसा? लागायलाच नको होता.

आणि मामा, वेलुअण्णांना तुम्ही नुसतं विचारलंत ना?

पूंगोडी


कोईमतूर
११ नोव्हेंबर २००३

चि. पूंगोडीस.

तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचायला घेतलं, कारण तू तिला बोलवायला सांगितलं होतंस. चंदनापर्यंत हसत हसत वाचलं. शेवटचं मात्र तिनं मनात वाचलं आणि कागद माझ्या हातात देऊन आत गेली.

दिवा कधी लागलाच नव्हता. विजयादशमीलाही नाही, नंतरही नाही. तू लिहिलं होतंस, नाही लागला तर लाजू नका. पण मी लाजलो. बाहेर पोरं उभी होती, वेलू उभा होता, सगळे मला बघत होते. मी कंप्युटरच्या खोलीचं दार लावून घेतलं, जरा वेळानं बाहेर आलो आणि म्हणालो, लागला. दाखवा म्हणाले तर म्हटलं, सारखं चालू ठेवायचं नसतं. वेलूला किट दाखवलं ते नुसतंच, बिनदिव्याचं. मग तुला तेच लिहिलं. तुझी अम्मा रडली, नारळ फोडला, तुझ्या ऑफिसात सांगून झालं. त्यानंतर खरं लिहायचं म्हणजे कुठल्या तोंडानं लिहायचं? म्हणून लिहिलं की लागत होता, आता लागत नाही. आणि त्या खोट्यावरून तू बरोबर हिशेब केलास की मध्ये कोणीतरी हात लावला. तुझा हिशेब बरोबर होता. आकडे मी खोटे दिले होते.

तू विचारतेस, नुसतं विचारलं का. नाही.

दुपारच्या जेवणानंतर सगळे हात धुऊन येत होते. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी वेलूला मधोमध उभा केला आणि म्हणालो, किल्ली काढ. तो म्हणाला, का? मी म्हणालो, खाल्ल्या घराचे वासे मोजणाऱ्याकडे मी किल्ली ठेवत नाही. किट तू बिघडवलंस, तुला ते नको होतं, आणि हे मी म्हणत नाही, बंगळूरची इंजिनियर म्हणते. तुझं पत्र काढून दाखवलं, पूंगोडी. तुझं नाव घेतलं.

त्यानं कमरेची किल्ली सोडली, मुरुगन देवाच्या तसबिरीखाली ठेवली. डबा घ्यायचा विसरला. पुढच्या आठवड्यात कळलं की नळावर बायका त्याच्या बायकोला विचारतात, कारखान्यात काय केलं गं तुझ्या नवऱ्यानं?

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्यानं पाट दिला, बायकोनं कॉफी दिली. त्यानं पावसाचं विचारलं, मामीच्या गुडघ्याचं विचारलं. मी दार लोटून घेतलं आणि सांगायला लागलो की चूक माझीच होती, गंध गेलं होतं आत. त्यानं ऐकून घेतलं. मग उठून दार सताड उघडलं आणि म्हणाला, “बोललास ते उजेडात, चार माणसांत. आणि माफी मागायला दार लावतोस होय?”

मी कॉफी अर्धी टाकून परत आलो. शरम वाटते म्हणायलाही शरम वाटते. मामीला काय, पोरांनाही नजर देववत नाही. किट पाठवू नकोस. मला ते घरात नको.

मामा


बंगळूर
१६ नोव्हेंबर २००३

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. तुमचा राग आला, खोटं नाही सांगत. पण त्याहून जास्त माझा आला.

मी काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे. किल्ली कोणाकडे असते ते बघा. किल्ली कोणाकडे असते हे मला माहीत होतं मामा. लहानपणापासून माहीत आहे. मी नाव लिहिलं नाही एवढंच. कामाची घाई होती, आणि इंजिनियर म्हणून निकाल द्यायला बरं वाटलं. तुम्ही खोटं सांगितलंत, पण मी एकदाही विचारलं नाही की खाच बघितली का, भोकं बघितली का. वस्तू तपासायच्या आधी माणूस तपासायला सांगितला. आमच्या कामात शिकाऊ मुलगा असं वागला तर मी त्याला फाडून खाते.

वेलुअण्णांना मी पत्र लिहिलं आहे. काय लिहिलं ते तुम्हाला सांगत नाही. माझं नाव त्यात होतं, तर उत्तर मीच द्यायला हवं.

तुम्ही काय करायचं ते त्यांनीच सांगितलंय, मी वेगळं काय सांगू? जिथं बोललात तिथंच बोला, आणि दिव्याचंही सांगा. ते लपवलंत तर बाकीचं कोणाला पटणार नाही.

किट पाठवते आहे. नको असेल तर पडू द्या. पण गोविंदराजुलूंना शब्द दिलाय तुम्ही. आधीच एक खोटं झालंय, दुसरं कशाला?

अम्माला मी सांगितलं. ती म्हणाली, नारळ काय, परत फोडता येतो.

पूंगोडी


कोईमतूर
१२ डिसेंबर २००३

चि. पूंगोडीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी धाडस गोळा करत होतो.

कार्तिगै दीपाच्या आधी मी गोविंदराजुलूंकडे गेलो आणि सांगितलं, माझ्याकडून वेळेत होणार नाही, मी न कळता हात वर केला होता. ते म्हणाले, मला त्या दिवशीच कळलं होतं. नव्या खोक्याचं काम त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलं. जुने स्टार्टर आपलेच जातील. एवढं सोपं होतं हे सांगणं, आणि त्याच्यापायी मी एक माणूस घालवला.

मग वेलूकडे निरोप पाठवला की शुक्रवारच्या पूजेला ये, मला सगळ्यांसमोर बोलायचंय. येईल असं वाटलं नव्हतं. आला. बायकोला घेऊन आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. मी मशिनं बंद करायला लावली. कापूर जळून गेला आणि मी बोलायला लागलो. पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो. दिवा कधी लागला नव्हता हे सांगितलं. गंध मी लावलं हे सांगितलं. पोरं यावेळी हसली नाहीत. पूंगोडीचं पत्र माझ्या खोट्यावर लिहिलेलं होतं हेही सांगितलं. आणि म्हणालो, वेलुसामीनं काही केलं नव्हतं, मला येत नव्हतं म्हणून मी त्याच्यावर ढकललं. मग त्याच्याकडे बघून हात जोडले. या हातांनी देव सोडून कोणाला जोडल्याचं मला आठवत नाही.

त्याची बायको पदरानं डोळे पुसत होती. तो आत आला, माझे जोडलेले हात खाली केले आणि म्हणाला, पुरे झालं, पोरं बघतायत. कामावर कधी येतोस, मी विचारलं. तो मला बाजूला घेऊन गेला.

तू नीट करून पाठवलेलं किट टेबलावर होतं. तू पाठवलंस तेव्हा मी ते उघडून, न पूजता, न लपवता, तू लिहिलंस तसं केलं होतं आणि लाल दिवा लागला होता. वेलूला दाखवलं. त्यानं वाकून बराच वेळ बघितलं. चांगलं आहे, म्हणाला. बांधावर दुरुस्त नाही होणार, पण चांगलं आहे. तुझं पत्र पोचल्याचं सांगितलं. काय लिहिलं होतंस ते त्यानंही सांगितलं नाही, फक्त म्हणाला की पोरगी शहाणी आहे, तिच्यावर माझा राग नाही.

मग मला म्हणाला, “राग तुझ्यावरही नाही राहिला, नाचिमुत्तू. बायको आता नळावर जाते, मला तेवढंच हवं होतं. पण मी परत येणार नाही. आता इथं काहीही बिघडलं की तू आधी माझ्याकडे बघशील. मग मी तुझ्याकडे बघेन. असं काम होत नाही.”

मी खूप समजावलं. म्हटलं, शपथ घेतो. तो हसला, जुना हसायचा तसाच. सिद्धापुदूरला एका वाइंडिंगवाल्याकडे त्यानं काम धरलंय. किल्ली तसबिरीखालीच आहे, मी उचलली नाही, आणि तोही न उचलता गेला. त्यानं मला माफ केलं हे खरं आहे. रस्त्यात भेटला तर थांबतो, बोलतो.

मला वाटत होतं, त्याचं म्हणणं रागातलं आहे, निवळेल. काल ड्रिलचा पट्टा तुटला. मोठा आवाज झाला, सगळे दचकले. मी मान वर केली ती सरळ वेलूच्या जागेकडे. तिथं कोणी नव्हतं. तो आता हाक मारल्यावर येईल म्हणून बघितलं, की त्यानंच काही केलं म्हणून, हे मला कितीही विचार करून सांगता येत नाही.

मामा
नाचिमुत्तू